परतीची वाट : दीर्घ पदयात्रेनंतरचे शरीर आणि मन

लांब पल्ल्याच्या वाटचालीचे वर्णन बहुधा मुक्कामापाशी संपते. शरीराचे खरे काम मात्र तेथून पुढे सुरू होते. झिजलेले स्नायू पुन्हा बांधावयाचे असतात, रक्तातील पाणी व क्षार यांचा तोल साधावयाचा असतो आणि मनाला नित्याच्या व्यवहारात परत आणावयाचे असते. हे उत्तरकार्य दुर्लक्षिले गेल्यास वाटेवर मिळविलेले आरोग्य घरी पोहोचल्यावर गमावले जाते.

जालना जिल्ह्याला या प्रश्नाचे एक जुने व जिवंत उदाहरण दरवर्षी पाहावयास मिळते. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची पायी वारी 1968 पासून पंढरपूरला जाते. आषाढी एकादशीनंतर अनेक वारकरी वाहनाने घरी परततात. ही पालखी मात्र पायीच परत फिरते. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास निघून बीड व गेवराईमार्गे ती गोदावरी ओलांडते आणि शहागड येथे जालना जिल्ह्यात प्रवेश करते. पुढे वडीगोद्री, अंबड, गोलापांगरी, जालना असा प्रवास करून ती सिंदखेडराजाकडे वळते. परतीच्या या प्रवासास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे जिल्ह्यातील गावांसमोर येणारा यात्रेकरू ताजातवाना नसतो. शेकडो किलोमीटरची झीज त्याच्या पायांत साठलेली असते.

धर्मादाय हेतूने धावण्याचा नवा प्रघातही आता रूढ झाला आहे. 2004 मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमधून अनेक सेवाभावी संस्थांसाठी निधी उभा राहतो, तर 2012 पासून साताऱ्यात घाटवाटेवरील अर्धमॅरेथॉन होते. श्रद्धेने चालणारा व निधीसाठी डोंगरवाटेवर धावणारा यांचे हेतू भिन्न असले, तरी दोघांच्या शरीरावर लागू होणारे नियम एकच आहेत.

स्नायूंची झीज

चढापेक्षा उतारानंतर पाय अधिक दुखतात, हा अनुभव अनेकांचा आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. हे दुखणे लगेच जाणवत नाही. ते साधारणतः बारा ते चोवीस तासांनी सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. म्हणून पहिल्या संध्याकाळी बरे वाटले यावरून सर्व ठीक आहे असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. स्नायू काही दिवसांत सावरतात. स्नायुबंध व हाडे यांना मात्र अधिक काळ लागतो. मॅरेथॉन किंवा त्याहून लांब धावेनंतर निदान दोन आठवडे कष्टाचा सराव टाळावा. पूर्ण अंथरूण धरण्याचीही आवश्यकता नाही. हळुवार चालणे, पुरेशी झोप आणि साधा आहार हेच उत्तम औषध होय. भाकरी किंवा भात यांतून स्नायूंतील साखरेचा साठा भरून निघतो. डाळ, दूध, शेंगदाणे यांतून दुरुस्तीचे द्रव्य मिळते.

शर्यत संपताच एकाएकी थांबल्याने पायांत रक्त साठून भोवळ येऊ शकते. अशा वेळी काही पावले सावकाश चालावे; भोवळ आलीच तर आडवे होऊन पाय उंच ठेवावेत.

पाणी : कमीही नको, अतिही नको

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. तहान नसताना केवळ साधे पाणी मोठ्या प्रमाणात पीत राहिल्यास रक्तातील क्षार विरळ होतात. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा अशी लक्षणे दिसतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. तहानेच्या मानाने पिणे व त्याबरोबर मीठ असलेले अन्न घेणे हा सुरक्षित मार्ग आहे. जुलाब झाल्यास जलसंजीवनीची पुडी त्यावर दिलेल्या प्रमाणातच विरघळवावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे.

लघवी काळसर चहाच्या रंगाची झाली, तर ती विश्रांतीने बरी होईल अशी वाट पाहू नये. तुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडावर भार टाकत असल्याची ती खूण असते. अशा वेळी, तसेच पाण्याची कमतरता असताना, वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा एकाच पोटरीस सूज येणे यांसाठीही तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

पायांची निगा

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बोटांच्या बेचक्यांत बसतो व बुरशी वाढते. पाय धुऊन पूर्ण कोरडे करणे ही साधी सवय तिला रोखते. फोड आल्यास त्यावरील कातडी सोलू नये. ती जखमेचे नैसर्गिक आच्छादनच असते. मधुमेही व्यक्तीच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. दुखत नाही म्हणून जखम नाही, असे तिने समजू नये. रोज तळवे पाहावेत अथवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत.

ग्रामपंचायतींचे कार्य

यात्रेकरूंच्या स्वागतास कमानीपेक्षा क्लोरिनयुक्त पाण्याची टाकी अधिक उपयोगी ठरते. कोरडी निवाऱ्याची जागा, स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पाय धुण्याची सोय आणि प्राथमिक आरोग्य केंद्राशी आधी झालेला संपर्क, इतकी तयारी छोट्या ग्रामपंचायतीसही शक्य आहे. शाळांतील शिक्षकांनी वरील चार-पाच धोक्याच्या खुणा फलकावर लिहून ठेवल्या, तर त्यांचा लाभ विद्यार्थ्यांच्या घरांनाही होईल. ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या व दिवसभर शेतात राबणाऱ्या कुटुंबांचे श्रमही याच शरीरधर्माने बांधलेले आहेत.

मनाचा हिशेब

मोठे ध्येय साध्य झाल्यावर अनेकांना काही दिवस रितेपणा जाणवतो. महिनोन्‌महिने दिनक्रमाला आकार देणारी गोष्ट एकाएकी संपलेली असते. हा दुबळेपणा नव्हे. सोबत्यांशी बोलणे आणि वाटेतील अनुभव लिहून ठेवणे यांमुळे मन सावरते. ही अवस्था लांबल्यास, झोप व भूक हरपल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. निधीसाठी धावणाऱ्यांचे आणखी एक कर्तव्य उरते : जमलेली रक्कम कोठे पोहोचली, तिचा विनियोग कसा झाला, हे देणगीदारांना कळविणे. तसे केल्याने धावेचा हेतूही पूर्णत्वास जातो.

परतीची पालखी आपल्या गावातून जाईल, तेव्हा तिच्यातील पावलांची गती मंदावलेली दिसेल. त्या मंद गतीला वेळ, पाणी आणि सावली देणे हे यजमान गावाच्या हाती आहे.