एकतीस डिसेंबरची रात्र आणि पाचवे शील

डिसेंबर उजाडला की आपल्या वस्त्यांतून दोन वर्गण्या फिरू लागतात. एक कोरेगाव भीमाच्या गाडीची आणि दुसरी 'थर्टी फर्स्ट'ची. गंमत अशी, की पुष्कळदा दोन्ही वर्गण्या गोळा करणारे हात तेच असतात. हे आम्ही दुसऱ्या कुणाच्या नावाने सांगत नाही. कल्याण पूर्वेतल्या आमच्या वस्तीत ते हात आमचेच होते.

२०११ सालच्या ३१ डिसेंबरची रात्र. विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी आमची गाडी निघाली. पुढच्या बाकांवर बायका-मुले, आणि मागच्या चार बाकांवर बाटल्या आमच्याही आधी येऊन बसलेल्या! भीमगीते चालली होती, पण कोण काय गातो याचा कुणाला पत्ता नव्हता. लोणावळ्याला चहासाठी गाडी थांबली. आमच्या वस्तीतल्या एक आजी, तेव्हाच सत्तरी ओलांडलेल्या, पाण्याची बाटली घेऊन गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पोरांनो, आधी चुळा भरा. तिथं आपल्या वाडवडलांची नावं हायती." कुणी हसले नाही. आम्ही मुकाट्याने चुळा भरल्या. पण वास का चुळा भरून जातो? सकाळी हजारो धम्मबांधवांमध्ये उभे राहून पंचशील घेताना पाचव्या शिलाशी आमची जीभ अडखळली.

वाचकांना तो इतिहास ठाऊक आहे, तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी पेशव्यांच्या प्रचंड फौजेला इंग्रजांच्या लहानशा तुकडीने दिवसभर थोपवून धरले. त्या तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावे त्यांची, 'नाक' या प्रत्ययाने संपणारी. १ जानेवारी १९२७ रोजी स्वतः बाबासाहेब तेथे गेले, तेव्हापासून ही तारीख आपली झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. आणि ३ जानेवारी ही सावित्रीमाईंची जयंती. म्हणजे ज्या आठवड्यात दारूच्या दुकानांपुढे रांगा लागतात, तो सगळा आठवडाच आपल्या इतिहासाने भरलेला आहे.

पुढच्या वर्षी महिला मंडळाने एकच अट घातली. रात्री नऊला जो विहारात येऊन बसेल त्यालाच गाडीत जागा. आम्ही कार्यकर्ते म्हणून मिरवणारे; पण हा निर्णय बायकांचा होता, हे इथे कबूल केले पाहिजे. पहिल्या रात्री चाळीसेक भगिनी आणि पुरुष मोजून सात! बाहेर चौकात डीजे दणाणत होता, आत आमचे बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देत होते आणि लहान मुले दाराकडे बघत होती. दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो. तरुण मुलांना नुसते "या, बसा" म्हटले तर ती येत नाहीत. त्यांना काम द्यावे लागते. सजावट, मसाला दुधाचे पातेले, पुरी-भाजी, गाडीतल्या जागांची यादी, सगळे त्यांच्याकडे सोपवले. मुले आली.

रात्रीचा क्रम साधा आहे. वंदना झाली की 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधील एका भागाचे वाचन. वर्षावासात आपण ऐकतो तसेच, फक्त येथे वाचणारी शाळेतली मुले असतात. मग हिशेबाचा अर्धा तास. ही आमची कारकुनी खोड, बी.कॉम. झाल्याचा तेवढाच उपयोग! प्रत्येक घराला एक कोरा कागद. सरत्या वर्षात मुलांच्या वह्या-पुस्तकांवर किती, औषधावर किती, दारू-तंबाखूवर किती, हे आठवून लिहायचे. कागद कुणाला दाखवायचा नाही, घरी न्यायचा. दिवसाला नुसते शंभर रुपये धरले तरी वर्षाचे ३६,५०० होतात. फळ्यावर हा गुणाकार मांडला, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने आपल्या वडिलांकडे पाहिले आणि वडिलांनी मान खाली घातली. आम्ही पटकन फळा पुसला. त्या क्षणी आणखी काही बोलायचे धाडस झाले नाही. ते गृहस्थ दुसऱ्या वर्षी आले नाहीत, तिसऱ्या वर्षी आले.

पावणेबाराला दिवे मालवून आनापान. श्वास आत, श्वास बाहेर, एवढ्यावरच लक्ष. बारा वाजता बाहेर फटाक्यांचा कडकडाट होतो आणि आत पन्नास-साठ माणसे डोळे मिटून बसलेली असतात. हे बसल्याशिवाय कळायचे नाही.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दोन आक्षेप घेतले. हे इंग्रजी नववर्ष, त्याचे धम्माशी काय नाते? आणि हे नवे कर्मकांडच नव्हे काय? पहिल्याचे उत्तर बौद्ध देशांकडे पाहावे. थायलंडने १ जानेवारी हे नववर्ष १९४१ साली स्वीकारले, त्यांचे जुने नववर्ष एप्रिलात. तरी आज ३१ डिसेंबरच्या रात्री तेथील विहारांत लोक सूत्रपठण करीत नव्या वर्षात पाऊल टाकतात. जपानने ही दिनदर्शिका १८७३ साली घेतली. त्या रात्री तेथील बौद्ध मंदिरांत १०८ वेळा घंटा वाजते, माणसाच्या १०८ क्लेशांची आठवण म्हणून. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी तर ३१ डिसेंबर १८६२ ची रात्र प्रार्थनेत जागून काढली, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात येणार होता. त्यांची चर्चे आजही ती रात्र पाळतात. तारीख कुणी दिली यापेक्षा त्या तारखेला आपण काय करतो ते पाहावे, असे आम्हाला वाटते.

दुसरा आक्षेप खरा आहे, त्याला आम्ही भितो. मेणबत्ती लावली, पुण्य मिळाले, दोन तारखेला पुन्हा गुत्त्यावर, असे झाले तर ते कर्मकांडच. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घातली ती वर्षातल्या एका रात्रीपुरती नव्हे. म्हणून जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा बसतो आणि ज्याने त्याने आपला कागद आपणच तपासायचा. सगळे सुधारले असे सांगितले तर ते चौथे शील मोडणे होईल. काही परत प्यायला लागले, एक-दोन घरांत तर भांडणे वाढली. पण मागच्या बाकांवरची बाटली गेली ती गेलीच.

कुणाला आपल्या विहारात हे सुरू करायचे असेल तर ध्वनिक्षेपक लावूच नये. वंदनेला माईक लागत नाही आणि शेजाऱ्यांची झोपमोडही होत नाही. गाडी लवकर ठरवावी. २०१८ च्या हल्ल्यानंतर बंदोबस्त कडक असतो, वाहने दूर लावावी लागतात, म्हणून वृद्धांसोबत एक-एक तरुण नेमून द्यावा.

आजींना आता प्रवास झेपत नाही. विहारात मात्र येतात, भिंतीला टेकून पहिल्या रांगेत बसतात. गाडी निघताना दारात उभ्या राहतात आणि एकेकाला जवळ बोलावून म्हणतात, "बघू, तोंड उघड."