चिकट पदार्थ कशाचे होतात व जोड कसा धरतात

शेतकऱ्याच्या घरी काही ना काही जोडावयाचे काम निघतच असते. पेटीची फळी उखळते, हिशेबाच्या वहीचा पुठ्ठा सुटतो, विहिरीवरून आणलेला नळ सांध्यात गळू लागतो. अशा वेळी घरात जो चिकट पदार्थ असेल तो लावून मनुष्य मोकळा होतो; आणि जोड पुन्हा निसटला म्हणजे दोष मालावर ठेवतो. वास्तविक पुष्कळदा माल वाईट नसून तो त्या कामाचा नसतो. सबब हे पदार्थ कशाचे होतात व कसे धरून राहतात, याचा विचार आमच्या शेतकरी बंधूंस उपयोगी पडेल.

प्रथम चिकटणे म्हणजे काय ते पाहू. पदार्थांच्या सूक्ष्म कणांस एकमेकांची ओढ असते. पण ती केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही कमी अंतरावरच लागू पडते. रंधा मारून गुळगुळीत केलेल्या दोन फळ्या एकमेकींवर ठेविल्या तरी त्या फार थोड्या ठिकाणी टेकतात. मधली पोकळी भरून काढण्यास पातळ पदार्थ पाहिजे. दोन ओल्या काचा एकीवर एक ठेविल्या तर सहजासहजी सुटत नाहीत. मात्र बाजूस सारल्या असता सरकतात, कारण पाणी पातळच राहते. यावरून दिसून येईल की, चांगल्या चिकट पदार्थाने आधी पसरून पृष्ठभाग नीट भिजवावा व मग जागच्या जागी घट्ट व्हावे. लाकूड व कागद यांच्या छिद्रांत तो मुळ्यांसारखा शिरतो, हा आणखी लाभ. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. ज्या वस्तूवर पातळ पदार्थ असा घरंगळतो, तीवर तो चिकटणार नाही हे पक्के समजावे. तेलकट वा धुळीने भरलेल्या पृष्ठभागाचीही हीच गत.

आपल्या ओळखीचे जुने पदार्थ बहुतेक शेतातून व गोठ्यातूनच येतात. गव्हाच्या पिठाची खळ घ्या. पीठ पाण्यात कालवून तापविले म्हणजे त्यातील पिष्टाचे दाणे सुमारे 60 ते 70 अंश उष्णतेस फुगतात व लगदा चिकट होतो. चिंचोक्याच्या पिठाचीही उत्तम खळ होते. बाभळीचा डिंक नुसत्या पाण्यात विरघळतो. पाणी उडून गेले की हे पदार्थ सुकून धरतात. परंतु पुन्हा पाणी लागले की सुटतात, व खळीस कसर आणि बुरशीही लागते. म्हणून त्यांचा उपयोग कागद व पुठ्ठा यांपुरताच ठेवावा.

सरस हा जनावरांची हाडे व कातडी पाण्यात उकळून काढतात. तो दुहेरी भांड्यात, म्हणजे गरम पाण्यात ठेविलेल्या भांड्यात, पातळ करून गरम असतानाच लावावा लागतो. थेट विस्तवावर उकळल्यास त्याची शक्ती जाते. सुतारांचा हा जुना सोबती खरा, पण कोकणच्या पावसाळी हवेत तो मऊ पडतो. नासविलेल्या दुधाचा चोथा धुऊन त्यात भिजविलेला चुना मिसळला तर सरसापेक्षा ओल अधिक सोसणारा पदार्थ होतो. 1914 ते 1918 च्या महायुद्धात लाकडी विमानांचे भाग जोडण्यास दुधाचाच सरस वापरीत असत.

सरस तापविण्याचा हा खटाटोप वाचविला तो पांढऱ्या गोंदाने. बळवंतराय पारेख यांच्या कारखान्याने 1959 साली फेव्हिकोल बाजारात आणले. पुढे 1963 साली अंधेरी पूर्वेस कोंडिविटे येथे त्यांचा नवा कारखाना उभा राहिला. या गोंदात पॉलिव्हिनाइल ॲसिटेट नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी लाकडात मुरले की कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा बनतो, व पांढरा रंग जाऊन तो पारदर्शक होतो. पांढरेपणा दिसतो तोवर जोड कच्चा आहे. पातळ थर द्यावा, फळ्या शिकंज्यात आवळून ठेवाव्या, व एक दिवस त्यांवर भार देऊ नये. दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये पाणी मुरण्यास वाट नसते, म्हणून तेथे तो कामाचा नाही; आणि सतत पाण्यात राहणाऱ्या लाकडास साधा पांढरा गोंद लावू नये.

आता पाण्याच्या नळाकडे वळू, कारण शेतकऱ्याचे खरे नुकसान येथेच होते. पीव्हीसीच्या नळास जे ‘सोल्युशन’ लावतात ते गोंदाप्रमाणे काम करीत नाही. ते नळाचा पृष्ठभागच विरघळविते. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात व द्राव उडून गेल्यावर एकजीव होतात. याकरिता नळ सरळ कापावा, कड घासावी, पाणी व चिखल पुसून कोरडा करावा. नळाच्या बाहेरून व सांध्याच्या आतून पातळ थर द्यावा, पाव वळसा देऊन आत सारावा व अर्धा मिनिट धरून ठेवावा. एक दिवस लोटल्यावाचून जोराचे पाणी सोडू नये. पिकास पाणी देण्याच्या घाईने सांधा ओलाच बसविला, तर पुढे भर उन्हाळ्यात तो उखडून पाण्याची पाळी फुकट जाते. हे द्रव्य पेट घेणारे असल्याने विडी व विस्तव दूर ठेवावे.

ठिबकाच्या काळ्या नळ्या मात्र पॉलिथिनच्या असतात. हा पदार्थ अळूच्या पानाचा भाऊ. सोल्युशन त्यास भिजवीत नाही व विरघळवीतही नाही. तेथे जोडणीचे तुकडेच वापरावे.

हाच नियम फवारणीसही लागू आहे. कांद्याच्या व कोबीच्या मेणचट पानावरून औषध ओघळून जाते, म्हणून त्यात पसरविणारे व चिकटविणारे द्रव्य घालतात. सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारताना राळ व धुण्याचा सोडा यांचे द्रावण त्यात मिसळण्याची रीत आहे, ती याच कारणास्तव. पावसाने औषध लवकर धुऊन जाऊ नये.

सारांश, दुकानात पैसे मोजण्यापूर्वी तीन प्रश्न मनास विचारावे: या वस्तूवर हा पदार्थ पसरेल काय? तो कशाने घट्ट होतो व त्यास किती वेळ लागेल? आणि त्यास पुन्हा मोकळा करणारे पाणी वा ऊन या जोडास लागणार आहे काय? यांची उत्तरे ज्यास देता येतात, त्याचा जोड सहसा फसत नाही.