वाकेन, पण मोडणार नाही

शेतातली चारी तिरकी ओलांडताना जीपचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकदमच खाली जाते आणि उरलेली दोन काठावर तोलून राहतात. त्या दोन-तीन सेकंदांत चॅसिस चांगलीच पिळवटते. बॉनेट आणि ग्रिल यांच्यातली फट एका अंगाला रुंदावते, टपाच्या पाइपा करकरतात. चाके पुन्हा सपाटीला आली की सगळे जागच्या जागी. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या आराखड्याची ही गाडी अजून खडकाळ वाटेवर चालते, त्याचे बरेचसे श्रेय या पिळवटण्याला आहे. दुरुस्तीला गेल्यावर पहिला घाव नेमका तिथेच बसतो.

बारामती आणि इंदापूर हे तालुके गाडीची परीक्षा घ्यायला सोयीचे आहेत, कारण इथली जमीन एकसारखी नाही. नीरा डाव्या कालव्याखालची काळी माती पावसात फुगते, चाकाला लगडते आणि उन्हाळ्यात भेगाळून टणक होते. पश्चिमेला सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात मुरूम, उघडा खडक आणि कोरडे ओढे. उत्तरेला भिगवण-पळसदेवकडे उजनीचे पाणी ओसरले की गाळाचे मैलोन्‌मैल पसरलेले पात्र. (सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांचे आहे. तिथे हौसेची गाडी नेऊ नये, माळ इतरत्र पुष्कळ आहे.) काळ्या मातीत रुतलेली गाडी साखळीने ओढून काढताना चॅसिसच्या टोकांवर ताण येतो. खडकावर तोच ताण पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरवर येतो. म्हणून ‘मजबुती’ म्हणजे काय, हे गाडी कुठे चालणार यावर ठरते.

जीपचा जन्म १९४० चा. अमेरिकी लष्कराला हलकी टेहळणी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना दिला, पण मोठे उत्पादन विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेले. महायुद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. भारतात २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ बनली. माझगावात विलिसचे सुटे भाग जोडून जीपा उभ्या राहू लागल्या. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल आले आणि सरकारी खात्यांपासून साखर कारखान्यांपर्यंत सगळीकडे तेच दिसू लागले.

इंदापूर तालुक्याचा जुन्या मोटारींशी आणखी एक धागा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. कळंबजवळच्या माळावर वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, फार्गो आणि नंतर फियाट ११०० तयार झाल्या. डॉज-प्लिमथला स्वतंत्र चॅसिस होती. फियाट ११०० ला ती नाही. तिथे तळ, उंबऱ्याचे पोकळ पत्रे आणि छप्पर मिळून सांगाडा बनतो. त्यामुळे जुनी फियाट माळावर न्यायची तर ‘चॅसिसला पट्टी मारा’ हा सल्ला निरर्थक ठरतो. तिथे आधी उंबऱ्यातला गंज काढावा लागतो. वालचंदनगरच्या कारखान्यात आज इस्रोच्या अग्निबाणांची मोटर केसिंगही बनतात. तिथे प्रत्येक जोडाची तपासणी होते आणि नोंद राहते. त्याच तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्ये जीपची चॅसिस डोळ्यांच्या अंदाजाने जोडली जाते. दोन्हीकडे तापलेल्या पोलादाचे नियम मात्र तेच.

जीपची चॅसिस लॅडर फ्रेम प्रकारची. दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. रेल बहुतांश इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या उघड्या चॅनेलचे असतात. उघडे चॅनेल उभ्या भाराला छान टिकते, पिळाला मात्र सहज वश होते. वहीचा कागद गुंडाळून नळी केली आणि कड चिकटवली नाही, तर ती बोटांनी सहज पिळता येते. कड चिकटवली की हलत नाही. हिशोबच मांडायचा तर १०० मिलिमीटर उंच, ५० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड चॅनेलची उघडी बाजू तेवढ्याच जाडीच्या पट्टीने बंद केली, की पिळाविरुद्धचा ताठपणा साधारण साडेपाचशे पटींनी वाढतो.

हा आकडा ऐकला की कुणालाही वाटेल, मग करा की पूर्ण चॅसिस बंद! इथेच गल्लत होते. रेल ताठ झाला म्हणून चारीतला पिळ नाहीसा होत नाही, तो पुढच्या कमजोर जागी सरकतो. रेल आणि क्रॉस मेंबर यांच्या रिव्हेटवर, स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती, किंवा नव्या पट्टीचे टोक जिथे संपते तिथल्या जुन्या पत्र्यावर. वर्षभरात तडा जातो आणि दोष वेल्डिंगवाल्याच्या रॉडला दिला जातो. जगात दोन्ही विचारांच्या गाड्या झाल्या. १९४८ च्या लँड रोव्हरची चॅसिस पोलादी पट्ट्या जोडून पूर्ण बंद पेटीची केलेली होती; ती ताठ होती, पण आतून गंजायची. जर्मन युनिमॉगची फ्रेम उलट मुद्दाम पिळू दिलेली आहे, म्हणजे चारही चाके जमिनीला धरून राहतात. जीप या दुसऱ्या घराण्याच्या जवळची. तिला लँड रोव्हर करायला जाऊ नये.

साखर पट्ट्यात ही चूक होण्याचे कारण समजण्यासारखे आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशा कारखान्यांच्या आसपास वेल्डिंगचे दुकान नसलेले मोठे गाव सापडणे कठीण. गळीत हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्या तिथे रांगेने उभ्या असतात. ट्रॉली मोडली की जाड अँगल लावायचा, पुन्हा मोडली की आणखी जाड. ट्रॉली संथ चालते, तिला स्वतःच्या वजनाची फिकीर नसते, म्हणून तिथे हे खपून जाते. युद्धकाळातली जीप जेमतेम अकराशे किलोची. तिच्यावर ट्रॉलीचा हात चालवला, तर शंभर किलो लोखंड वाढते आणि पाटे बसतात.

त्यात इंजिनाची भानगड. पेट्रोल महागले तशी जीपांत डिझेल इंजिने आली. महिंद्राने स्वतः इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले इंजिन जीपमध्ये दिले आणि गावोगावच्या मिस्त्रींनी आपापल्या परीने तेच केले. डिझेलचे वजन जास्त, हादरा जास्त. मूळ पेट्रोल इंजिनासाठी आखलेल्या माउंटिंगच्या आसपास बारीक तडे दिसणारी जुनी जीप म्हणूनच विरळा नाही.

तडा शोधायची घरगुती पद्धत आजही भरवशाची आहे. पत्रा तारेच्या ब्रशने चकचकीत करायचा, त्यावर रॉकेल फिरवून मुरू द्यायचे, फडक्याने कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड लावायची. तड्यात शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने पांढऱ्यावर काळपट रेघ बनून उमटते. जिथे रेघ संपते, त्याच्या किंचित पुढे तीन-चार मिलिमीटरचे भोक पाडतात. तड्याच्या टोकाशी ताण एकवटलेला असतो. गोल भोकाने तो पसरतो आणि तडा पुढे धावत नाही. मग तडा ग्राइंडरने व्ही आकारात उघडून, भरून, सपाट करायचा. पट्टी त्यानंतर.

पट्टी कुठे आणि कशी, यातच मिस्त्रीचा कस. रेलच्या उभ्या पत्र्याच्या मध्यावर ताण कमी, वरच्या-खालच्या ओठांवर सर्वांत जास्त. म्हणून पट्टी उभ्या पत्र्यावर लावतात आणि ओठांवर आडवे वेल्डिंग टाळतात. पट्टीची टोके चौकोनी न कापता निमुळती किंवा माशाच्या शेपटीसारखी कापतात. वर्कशॉपात तिला फिशप्लेट म्हणतात. पट्टीची जाडी रेलएवढीच ठेवतात, दुप्पट नाही. सलग वेल्डिंग न ओढता आधी टाके मारायचे, मग दोन-दोन इंचांचे तुकडे आलटून पालटून, कारण एका बाजूला उष्णता साचली की रेल केळ्यासारखा वाकतो. मधेमधे ओळंबा सोडून फरशीवर खुणा करायच्या आणि तिरके कर्ण मोजायचे. ते जुळत नसतील तर गाडी आयुष्यभर खेकड्यासारखी चालणार. विलिसची टाकी चालकाच्या सीटखाली असते. ती उतरवल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही.

बंद पेटी करायचीच तर निवडक जागी: स्टिअरिंग बॉक्सपाशी, पुढच्या हँगरपाशी, टो हुकजवळ. विलिसच्या मूळ अभियंत्यांनीही मागच्या हुकमागे ‘के’ आकाराची तिरकी बांधणी दिली होती, बाकीचा सांगाडा मोकळा ठेवून. पेटीला खालून पाणी निचऱ्याची भोके हवीतच, नाहीतर कालव्याकाठचा चिखल आत वाळतो. सैल रिव्हेट काढून चांगल्या प्रतीचे घट्ट बोल्ट बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय. पण त्यात ठिणग्या उडत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखे वाटत नाही.

आता कायदा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करणारे मोठे काम झालेले नसावे. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तर सगळ्याच गाड्यांना लागू आहे आणि मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ठणकावले आहे.

म्हणजे १९५० च्या दशकातली जीप हाती असलेल्या मालकाला आधी ठरवावे लागते: व्हिंटेजची पाटी हवी की सुप्याचा माळ. पाटी हवी असेल तर तडा भरणे, गंजलेला तुकडा त्याच मापाने बदलणे, रिव्हेट घट्ट करणे एवढ्यावर थांबावे. पेटी करू नये, डिझेल इंजिन घालू नये. माळावर दौडायचे असेल तर १९८० च्या दशकातली महिंद्राची एमएम ५४० घेऊन तिची निगा राखणे शहाणपणाचे. तिलाही पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागतेच. दोन्ही वाटांवर रेलवर ठोकलेला चॅसिस क्रमांक ग्राइंडर, वेल्डिंग आणि जाड रंगापासून जपायचा. काम सुरू करण्याआधी त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा आणि त्या भागावर चिकटपट्टी लावून मगच गाडी मिस्त्रीच्या हवाली करावी.