पिस्टन गेला, मायक्रोमीटर राहिला

आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून ‘चेतक’ स्कूटर बाहेर पडू लागली, तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची लोकांची तयारी असे. २००७ मध्ये तिथलं वाहननिर्मितीचं काम थांबलं. २०१९ मध्ये चेतक हे नाव बॅटरीच्या स्कूटरवर परतलं आणि २०२२ मध्ये याच आकुर्डीत तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. नाव तेच, गाव तेच, बॉडीही पत्र्याचीच. पण आत पिस्टन नाही, प्लग नाही, कार्बोरेटर नाही, सायलेन्सर नाही. आडवी करून किक मारायची सोय तर नाहीच.

‘कामाचं भविष्य’ म्हटलं की आपल्याकडे चर्चा थेट हिंजवडीत पोचते: कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता आयटीतल्या पोरांचं काय? प्रश्न खराच आहे. पण तिथून फार लांब नसलेल्या भोसरीत, तळवड्यात, चाकणमध्ये पत्र्याच्या शेडखाली इंजिनाचे भाग कापणाऱ्या माणसाचं काय, हे विचारायला कुणी टीव्हीवर बसत नाही.

पेट्रोलच्या गाडीत पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, क्रँक, कनेक्टिंग रॉड, क्लच, इंधनाचा पंप, ऑइल फिल्टर अशी मोठी फौज असते. मोठी कंपनी यातलं बरंचसं स्वतः बनवत नाही. तिच्या पुरवठादाराकडून काम खाली उतरतं आणि शेवटी चार मशिनं टाकून जॉबवर्क करणाऱ्या माणसाकडे येतं. विजेच्या गाडीत ही फौज जवळजवळ नाहीशी होते. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, सीट, दिवे, बेअरिंग राहतात. वायरिंग वाढतं. मोटर, बॅटरी पॅक, कंट्रोलर आणि चार्जर नव्याने येतात.

हे उद्या सकाळी होणार नाही. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या दुचाकींपैकी विजेवरच्या साधारण सहा टक्के होत्या. तीनचाकींमध्ये मात्र, ई-रिक्षा धरल्या तर, निम्म्याहून अधिक गाड्या आताच विजेवरच्या आहेत. इंजिनाचे ओतीव भाग बनवणाऱ्या कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की त्यांचं ओतकाम पंपांना आणि ट्रॅक्टरांनाही लागतं. पण सहा टक्क्यांवर विसंबून राहण्यात एक गोची आहे. पुरवठादाराची चालू ऑर्डर एकदम बंद पडत नाही. जुनं मॉडेल चालतं तोवर ती चालते. त्या मॉडेलच्या जागी येणाऱ्या गाडीला तो भागच लागत नसेल, तर त्याला नकाराचं पत्रसुद्धा येत नाही. मशीनचा हप्ता मात्र चालू असतो.

मग कामगाराने शिकायचं काय? माझ्या मते सुरुवात नव्या कोर्सपासून नाही, रोजच्या कामाची फोड करण्यापासून करावी. सीएनसीवर बारा तास उभा असलेला ऑपरेटर जॉब लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. एवढंच काम असेल तर ते यांत्रिक हात करेल, गाडी विजेची असो वा पेट्रोलची. शेजारचा सेटर ड्रॉइंग वाचतो, टूलचा ऑफसेट देतो, पहिला पीस मायक्रोमीटरने तपासतो, माप का हललं हे शोधतो. पिस्टन गेला तरी त्याचं काम जात नाही, कारण मोटरच्या अॅल्युमिनियम हाउसिंगचं बोअरही मायक्रॉनमध्येच राखावं लागतं. गिअरचंच बघा. विजेच्या गाडीत ते थोडे लागतात, पण जास्त काटेकोर लागतात. मोटर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेऊ शकते आणि इंजिनाचा आवाज नसल्याने गिअरची बारीकशी कुरकुरही ऐकू येते. म्हणजे ग्राइंडिंगवर चांगला हात असलेल्याची गरज वाढते. ऑपरेटरचा सेटर होणं, ही माझ्या लेखी कुठल्याही चकचकीत सर्टिफिकेटपेक्षा मोठी तयारी आहे.

गॅरेजवाल्याची गोष्ट वेगळी आहे आणि त्याला बदलाची चव आधीच मिळाली आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. जेट साफ करून, स्क्रू फिरवून, कानाने गाडी लावणाऱ्या मेकॅनिकला स्कॅनर घ्यावा लागला. ज्यांनी घेतला ते टिकले. बाकीचे जुन्या गाड्यांवर गुजराण करत आहेत. आता ऑइल बदलणं, टॅपेट सेट करणं, बोअर-पिस्टन ही रोजची मिळकतच आटेल. मल्टिमीटर धरता यायला हवा आणि सोबत भीतीही हवी: विजेवरच्या चारचाकींच्या बॅटरीत अनेकदा तीनशे व्होल्टच्या वर डीसी असतं, आणि साठ व्होल्टच्या वरचं डीसी धोक्याचंच मानतात. नारिंगी केबल दिसली की उघड्या हाताने पाना लावायचा नाही, हा पहिला धडा.

पण सगळं शिकूनही एक कुलूप त्याच्या हातात नाही. बॅटरीतला बिघाड वाचायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते बहुधा अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरतंच असतं. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये समिती नेमली, त्यात वाहनंही होती. पुढे एक पोर्टलही आलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजला मात्र कायद्याचा आधार हवा आहे. हे कुलूप मेकॅनिकने रात्री व्हिडिओ बघून उघडण्यातलं नाही.

शिकण्याचा खर्चही असाच, एकट्याने पेलण्यातला नाही. आपल्या योजना नोकरीच्या उंबरठ्यावरच्या तरुणांसाठी आहेत. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला सहा, आयटीआय-डिप्लोमाला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना ठरला, वय १८ ते ३५. केंद्राची इंटर्नशिप योजना २१ ते २४ वर्षांच्यांसाठी सुरू झाली. त्या चांगल्याच आहेत. पण वीस वर्षं कॅमशाफ्ट घासलेला बेचाळिशीचा माणूस यातल्या कोणत्या रकान्यात बसतो? सिंगापूरने २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या नागरिकांना प्रशिक्षणासाठी चार हजार सिंगापुरी डॉलरची जमा दिली आणि पुढच्या वर्षीपासून पूर्णवेळ शिकणाऱ्यांना आधीच्या कमाईच्या निम्म्यापर्यंत भत्ताही सुरू केला, महिना तीन हजार डॉलरच्या मर्यादेत. तो देश लहान आणि श्रीमंत आहे, हे मान्य. पण शिकण्याच्या दिवसांत घर कशावर चालणार, हा प्रश्न त्यांनी निदान सरकारी कागदावर घेतला.

आपल्याकडे आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक व्हेइकल मेकॅनिक हा ट्रेड आला आहे, तो दोन वर्षांचा, पूर्णवेळ. कामावरच्या माणसाला हवेत रविवारचे, संध्याकाळचे छोटे वर्ग. खासगी क्लासचे बोर्ड पिंपरीपासून नाशिकपर्यंत दिसतात. पैसे भरण्याआधी तिथे तीन गोष्टी विचाराव्यात. खरा बॅटरी पॅक उघडायला मिळणार का, की नुसती स्लाइड? इन्सुलेटेड हातमोजे आणि हत्यारं प्रत्येकाच्या वाट्याला येणार का? आणि मागच्या बॅचमधला एखादा माणूस आत्ता कुठे कामाला आहे, त्याच्याशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नावर काउंटरवरचा माणूस माहितीपत्रक पुढे करू लागला, तर फी खिशातच ठेवावी.