तेंदूपत्त्याची वाळवण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पांढुर्णा म्हटलं की संत्री आठवतात आणि सौंसर म्हटलं की कपाशी. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात हे दोन्ही तालुके येतात. पण सातपुड्याच्या कडेला जंगलही आहे, आणि उन्हाळ्यात तिथून तेंदूपत्ता निघतो. टेंभुर्णीचं हे पान बिडी वळायला लागतं. पान तोडायचं आणि उन्हात टाकायचं, एवढंच हे काम असल्याचं दुरून वाटतं. प्रत्यक्षात पानातला ओलावा सांभाळणं हे जाणकाराचं काम आहे, आणि त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : पान जितकं कोरडं, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : कडक वाळलेलं पान हात लागताच तडकतं. म्हणून पानांच्या गड्ड्या साधारण आठ-दहा दिवस उन्हात वाळल्या की त्यांच्यावर पाणी शिंपडतात, पान नरम पडू देतात आणि मगच बोऱ्यांत दाबून भरतात. भरलेले बोरेही पुन्हा ऊन दाखवून गोदामात जातात. पुढे बिडी वळणाऱ्या बायका हेच पान भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, तेव्हा कुठे ते कात्रीने मापात कापता येतं. तंबाखूचंही तसंच आहे. वाळलेलं पान भर दुपारी हाताळलं तर त्याचा चुरा होतो, दवाने नरमलं की ते हाताळता येतं. थोडक्यात, ओलावा पूर्ण घालवायचा नसतो. तो हवा तेवढा राखायचा असतो.

गैरसमज : ऊन कडक असलं की पान आपोआप वाळतं.

वस्तुस्थिती : मध्य प्रदेशात 50 पानांची एक गड्डी बांधतात. वरची पानं लवकर वाळतात, आतली मात्र ओलीच राहतात. गड्ड्या एकमेकींवर ढीग करून टाकल्या तर आतल्या पानांना बुरशी धरते. म्हणून फडावर, म्हणजे पान गोळा करून वाळवण्याच्या जागी, त्या ओळीने, सुट्या मांडतात आणि उलटतात. उन्हाइतकंच वाऱ्याचंही काम असतं. मे महिन्यात इथली दुपारची हवा अगदी कोरडी असते, म्हणून पावसाळ्याआधीचा हा हंगाम वाळवणीला सोयीचा. ढगाळ, दमट दिवस आले की तेच पान वाळायला जास्त वेळ घेतं.

गैरसमज : एखादी सर आली तरी बिघडत नाही, पान पुन्हा वाळेल.

वस्तुस्थिती : शिंपडलेलं पाणी आणि पाऊस यांत मोठा फरक आहे. शिंपडणं मोजून, पान पुरतं वाळल्यावर होतं. अवकाळी पाऊस अर्धवट वाळलेल्या गड्डीत मुरतो. पानावर डाग पडतात, ते काळं पडतं, कुजतं. मग कितीही ऊन मिळालं तरी रंग आणि चिवटपणा परत येत नाही. म्हणून आभाळ भरून येताच गड्ड्या झाकण्याची सोय फडावर हवीच.

गैरसमज : जंगलाला आग लावली की पान भरपूर येतं.

वस्तुस्थिती : आगीनंतर टेंभुर्णीला नवे कोंब फुटतात हे खरं. पण चांगल्या, मऊ पानासाठी आगीची गरज नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं जमिनीलगत छाटली की सुमारे दीड महिन्यात तोडणीजोगं पान तयार होतं. आगीत मात्र मोहाची, साजाची कोवळी रोपं आणि जमिनीवरचा पालापाचोळा जळून जातो.

गैरसमज : गड्डी फडावर दिली की तोडणाऱ्याचा संबंध संपला.

वस्तुस्थिती : 1964 च्या कायद्याने मध्य प्रदेशात तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या हाती आला. 1984 मध्ये लघु वनोपज संघ स्थापन झाला. आज गावपातळीवरच्या समित्या, जिल्हा युनियन आणि राज्य संघ अशा तीन पायऱ्यांवर हा कारभार चालतो. 1000 गड्ड्यांच्या मानक बोऱ्याला 2024 पासून 4000 रुपये मजुरी मिळते, म्हणजे गड्डीला चार रुपये, पानाला आठ पैसे. शिवाय विक्रीतल्या निव्वळ नफ्याचा वाटा बोनस म्हणून तोडणाऱ्यांना मिळतो. फडावर पान बिघडलं आणि भाव पडला, तर तो वाटाही घटतो.

गैरसमज : बिडी पानाची असते, म्हणून सिगारेटपेक्षा कमी घातक.

वस्तुस्थिती : आत तंबाखूच असते. पान कागदापेक्षा कमी सच्छिद्र असल्याने बिडी विझू नये म्हणून झुरके वारंवार ओढावे लागतात. बिडीच्या धुरातून निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात जातात. तोंडाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार यांचा धोका बिडीने वाढतो. बिडीच्या पुड्यावरही सिगारेटसारखाच धोक्याचा इशारा छापणं बंधनकारक आहे.

पान नैसर्गिक असलं तरी बिडी निर्धोक ठरत नाही. पण बिडी घातक आहे म्हणून पहाटे जंगलात जाऊन पान तोडणाऱ्या बाईची मजुरी कमी मोलाची ठरत नाही. जोवर या घरांना उन्हाळ्यात दुसरी कमाई नाही, तोवर फडावर ताडपत्री, कोरडं गोदाम आणि वेळेवर बोनस एवढं तरी त्यांना मिळालंच पाहिजे.