घाऊक काडतुसांची खातरजमा

आकाराने चिमुकले, किमतीने स्वस्त आणि खपाने जगात अग्रगण्य असे काडतूस कोणते, असा प्रश्न कोणी केला, तर त्याचे उत्तर ‘पॉइंट टू टू’ हेच द्यावे लागेल. राष्ट्रीय छात्रसेनेतील छात्राला बंदुकीचा पहिला नेम ह्याच काडतुसाने शिकविला जातो. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले, तेही ह्याच जातीच्या काडतुसाने. आणि कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील म्युनिकचे जागतिक विजेतेपद व राही सरनोबत यांचे २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदक ही दोन्ही ह्याच काडतुसाच्या इतिहासात जमा आहेत. ज्या खेळात सरावासाठी वर्षाकाठी सहस्रावधी गोळ्या लागतात, त्यात काडतुसे डझनाने घेऊन निभाव लागत नाही. ती घाऊक घ्यावी लागतात. आणि घाऊक घेतलेला माल खोटा निघाला, तर केवळ पैसा जात नाही. वर्षभराचा सराव वाया जातो आणि क्वचित्प्रसंगी डोळाही जातो. म्हणून ह्या खरेदीची पारख कशी करावी, हा प्रश्न नेमबाजांच्या घरांत आणि क्लबांत जितका चर्चिला जावा तितका चर्चिला जात नाही, ही खंत मनात ठेवूनच हा लेख लिहीत आहे.

कडेत दडलेले स्फोटक

ह्या काडतुसाचा गुण आणि दोष दोन्ही त्याच्या रचनेत आहेत. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी ठिणगी पाडणारी एक स्वतंत्र टोपी बसविलेली असते. पॉइंट टू टूच्या पुंगळीला अशी टोपी नसते. तिच्या बुडाची कड आतून पोकळ ठेवलेली असते. ओल्या अवस्थेतील स्फोटक मिश्रणाचा एक कण पुंगळीत टाकून ती वेगाने फिरविली, की ते मिश्रण त्या पोकळीत सर्व बाजूंनी पसरते आणि तेथेच वाळते. बंदुकीची फायरिंग पिन त्या कडेवर आदळली, की धातू चेपतो, मिश्रण पेटते आणि त्याच्या ज्वाळेने आतील दारू जळते. फ्रान्समध्ये १८४५ च्या सुमारास फ्लोबेर यांनी ह्या कल्पनेचा पाया घातला, अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी १८५७ मध्ये ती आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी वापरली, आणि आज प्रचलित असलेले ‘लाँग रायफल’ हे रूप १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने सिद्ध केले.

ही रचना स्वस्त पडते, पण तिच्यात एक मूलभूत उणीव राहते. फिरविताना मिश्रण कडेच्या एखाद्या अंशात पोहोचले नाही आणि नेमकी तेथेच पिन आदळली, तर गोळी उडत नाही. तीच गोळी काढून थोडी वळवून पुन्हा भरली असता पुष्कळदा उडते, त्याचे कारण हेच. शिवाय पिन चेपू शकेल इतका पुंगळीचा पत्रा पातळ ठेवणे भाग असल्यामुळे ह्या काडतुसाला फार दाब सोसवत नाही. अमेरिकी उद्योगाच्या मानकाप्रमाणे त्याची कमाल मर्यादा चौरस इंचाला २४,००० पौंड आहे. एकदा चेपलेली कड पुन्हा वापरता येत नाही, म्हणून रिकामी पुंगळी घरी भरून काटकसर करण्याचा मार्गही येथे बंद आहे. सारांश, कारखान्यात जे झाले ते झाले. त्यानंतर खरेदीदाराच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे निवड.

नाव नव्हे, लॉट

ही निवड बहुतेक जण डब्यावरील नावावरून करतात. नामांकित कारखान्याचा माल सरासरीने चांगला असतो हे खरे. परंतु ज्या नेमबाजांचे भवितव्य दहाच्या वर्तुळावर अवलंबून असते, ते नावावर विसंबत नाहीत, लॉटवर विसंबतात. एकाच यंत्रावर, एकाच दारूने आणि एकाच मिश्रणाने एका सलग खेपेत तयार झालेला माल म्हणजे लॉट, आणि त्याचा क्रमांक डब्यावर छापलेला असतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे ईली आणि जर्मनीतील शोनेबेक येथे लापुआ ह्या कंपन्यांनी नेमबाजांसाठी खास चाचणीगृहे चालविली आहेत. खेळाडू स्वतःची रायफल घेऊन तेथे जातो, ती घट्ट आवळून तिच्यातून निरनिराळ्या लॉटच्या गोळ्या झाडल्या जातात, आणि जो लॉट त्या रायफलीला मानवेल तोच मोठ्या संख्येने विकत घेतला जातो. एकाच नावाचे, एकाच प्रतीचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच नळीतून निरनिराळे वागतात, हा तेथील नित्याचा अनुभव आहे.

असे का व्हावे, ह्याचे उत्तर अंकगणितात आहे. पन्नास मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. स्पर्धेच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी ठेवलेला असतो. ह्या वेगात गोळीगणिक दहा मीटरचा फरक पडला, तर पन्नास मीटरवर ती सात-आठ मिलिमीटर खाली किंवा वर लागते, आणि हातातून काहीच चूक न होता दहाचे नऊ होऊ शकतात. स्वस्त घाऊक डब्यांतील पुष्कळ काडतुसे ध्वनीहून अधिक वेगाची असतात; त्यांचा वेग वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरतो, त्या संधिकाळी गोळीला धक्के बसतात, आणि नेमाची अचूकता आणखी ढळते. डबे मोजताना आणि पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडताना हा फरक डोळ्यांआड होतो, म्हणून तो आवर्जून सांगितला.

किती उडवून पाहावे?

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपले वाडवडील सांगत आले; आणि भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेला असल्यामुळे ती परीक्षा न्याय्यही ठरते. काडतुसांच्या बाबतीत एका लॉटला एक पातेले समजावे, पण शिते मात्र पुष्कळ चाचपावी लागतात, कारण दोष क्वचित् आढळणारा असतो. संख्याशास्त्रात ह्यासाठी एक सुटसुटीत नियम आहे: एखाद्या मालाची ‘न’ नगांची चाचणी घेतली आणि एकही नग सदोष निघाला नाही, तर सदोषांचे खरे प्रमाण शेकडा पंच्याण्णव खात्रीने ३ भागिले ‘न’ ह्याहून जास्त नाही, असे म्हणता येते. पन्नासांचा एक डबा बिनचूक उडाला, तरी सदोषांचे प्रमाण शेकडा सहापर्यंत असू शकते, म्हणजे पाच हजारांच्या पेटीत तीनशेपर्यंत. पाचशे बिनचूक उडाल्या, तर ती मर्यादा पेटीमागे तीसवर येते. एका डब्याच्या यशाने हुरळून पेट्यांची मागणी नोंदविणाऱ्याने ही आकडेमोड एकदा तरी करून पाहावी.

चाचणी घ्यायची ती ज्या बंदुकीतून पुढे गोळ्या झाडायच्या तिच्यातूनच, तिची नळी आणि चेंबर स्वच्छ करून. न उडालेली प्रत्येक गोळी वेगळी ठेवावी आणि तिच्या कडेवरील खूण निरखावी. खूण उथळ असेल, तर काडतुसापेक्षा पिनीवर, तिच्या स्प्रिंगवर किंवा चेंबरमधील काजळीवर संशय घ्यावा. खूण खोल असूनही गोळी उडाली नसेल, तर दोष बहुधा मिश्रणाचा. तोच लॉट दुसऱ्या बंदुकीत निर्वेध चालला, तर काडतुसावरील आरोप मागे घेऊन बंदूक दुरुस्तीस द्यावी. अचूकता पाहताना पाच गोळ्यांच्या एका सुंदर गटाने भुलू नये. दहा-दहा गोळ्यांचे अनेक गट काढावेत, आणि त्यांतला सर्वोत्तम नव्हे, तर सरासरीचा गट वहीत उतरवावा.

चाप ओढला आणि आवाज झाला नाही

विश्वसनीयतेचा प्रश्न जेथे सुरक्षिततेशी मिळतो, तो हा क्षण. गोळी उडाली नाही म्हणजे ती मेली, असे गृहीत धरून बोल्ट झटकन उघडणे ही गफलत आहे; मिश्रण मंद धुमसून काही क्षणांनी दारू पेटण्याचा संभव असतो. नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा. रेंजचा नियम याहून कडक असेल, तर तोच पाळावा.

याहून घातक प्रकार म्हणजे नेहमीच्या आवाजाऐवजी फुसका आवाज येणे. अशा वेळी दारू जळालेली नसते किंवा अपुरी जळालेली असते आणि शिशाची गोळी नळीतच अडकलेली असण्याची शक्यता असते. तिच्यामागून दुसरी झाडली, तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून फुसका आवाज झाला की झाडणे तत्काळ बंद करावे, बंदूक रिकामी करून रेंज अधिकाऱ्याला सांगावे, आणि नळी आरपार मोकळी असल्याची खात्री झाल्यावाचून दुसरे काडतूस भरू नये. पुंगळीची कड फुटून तप्त वायू मागे येण्याचा धोका स्वस्त-महाग सर्वच मालात असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा अनिवार्य. आणि स्फोटक मिश्रणात व गोळीत दोहोंत शिसे असल्यामुळे, रेंजवर खाणेपिणे टाळावे आणि घरी मुलांना जवळ घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, हा नियम पालकांनी विशेष कटाक्षाने पाळावा.

साठा, दप्तर आणि कायदा

ह्या काडतुसाची गोळी पुंगळीत नुसती चिमटीत धरलेली असते. तो सांधा पूर्णपणे हवाबंद नसतो. कोकणातील आणि मुंबईतील पावसाळ्यात साठा उघडा ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. मूळ डब्यांतच, कोरड्या, थंड आणि कुलूपबंद जागी, बंदुकीपासून वेगळा असा साठा असावा. उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नये. तेलाचे हात काडतुसांना लावू नयेत, कारण तेल झिरपून मिश्रण निकामी करते. डबे फेकून देऊन सारी काडतुसे एका बरणीत ओतण्याची सवय तर सर्वस्वी त्याज्य आहे, कारण कारखान्याने एखादा लॉट परत मागविला, तर आपला माल त्यातला आहे की नाही हे सांगणारा क्रमांक त्या डब्यावरच असतो.

आपल्या देशात १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनी ह्या खरेदीला चौकट घातली आहे. परवान्यावर नमूद केलेल्या संख्येपलीकडे काडतुसे बाळगता येत नाहीत. अमेरिकेत २०१३ च्या सुमारास ह्याच काडतुसांचा तुटवडा पडला, तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या आणि जे हाती लागेल ते लोकांनी भरून ठेवले. त्यात पारख मागे पडली. आपल्याकडील मर्यादा त्या मोहापासून आपल्याला वाचविते, परंतु तीच मर्यादा प्रत्येक वाया गेलेल्या काडतुसाचे मोल वाढविते, हेही ध्यानात घ्यावे.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही तरुण नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेची पायरी चढतात. त्या पायरीवर उभ्या असलेल्या ग्रामीण मुलामुलींना आपली रायफल घेऊन जर्मनीला जाणे शक्य नाही. परंतु एका रेंजवर सराव करणाऱ्यांनी चाचण्यांची एक सामायिक नोंदवही ठेवली, तीत लॉटचा क्रमांक, झाडलेल्या व न उडालेल्या गोळ्या, गटांचे माप आणि बंदुकीचा प्रकार प्रामाणिकपणे लिहिला, आणि पसंतीस उतरलेला लॉट प्रत्येकाने आपापल्या परवान्यावर एकाच वेळी मागविला, तर एकट्याला न परवडणारी पाचशे गोळ्यांची परीक्षा दहा जणांत सहज पार पडते आणि नवख्या मुलाला पहिल्या दिवसापासून खात्रीचा माल मिळतो. महाराष्ट्रातील प्रत्येक क्लबाने अशी वही येत्या हंगामापासून सुरू करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.