किरणोपचार घेणाऱ्या रुग्णापासून घरच्यांना धोका असतो काय?

गेल्या उपवासकाळात आम्ही भिवंडी तालुक्यातील दिघाशी येथे एका आजारी आजींना भेटावयास गेलो होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मुंबईतील एका रुग्णालयात त्यांचे किरणोपचार चालू होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या पंचवीस बैठकांपैकी अकरा पार पडल्या होत्या. घरात शिरताच दिसले ते असे की, आजींची खाट पडवीत हलविली होती, त्यांचे ताट-तांब्या निराळे मांडले होते आणि पाच महिन्यांची गरोदर सून माहेरी पाठविण्यात आली होती. ‘‘फादर, माझ्या अंगातून किरण निघतात म्हणे. पोराबाळांना बाधा नको. उद्यापासून मी काही जायची नाही,’’ आजी म्हणाल्या.

हे त्यांना कोणी सांगितले, याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. रुग्णालयात कोणी घाईघाईने दोन शब्द सांगितलेही असतील, पण ते त्यांना समजेल अशा मराठीत त्यांच्या कानी पडले नव्हते. शेजाऱ्यांनी मात्र बरेच काही सांगितले होते. असा गैरसमज अन्य घरांतही असू शकतो, म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती आम्ही येथे देत आहोत.

आपल्याकडे ज्याला लोक ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, तो किरणोपचार बहुतेक वेळा शरीराबाहेरील यंत्रातून दिला जातो. यंत्र सुरू असेल तेवढी काही मिनिटे किरण नेमून दिलेल्या भागावर पडतात, तेथील पेशींवर परिणाम करतात आणि यंत्र बंद होताच थांबतात. खोलीतील दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड साठून राहत नाही, तसेच हे आहे. रुग्णाच्या घामात, थुंकीत, कपड्यांत अथवा श्वासात काहीही शिल्लक राहत नाही. त्याच्या ताटात जेवता येते, नातवाला त्याच्या मांडीवर बसविता येते, गरोदर सुनेला त्याच्याजवळ निर्धास्त राहता येते. गर्भाशयमुखाच्या रोगात पुष्कळदा ‘आतून’ही किरण देतात. त्यासाठी इरिडियमचा तांदळाच्या दाण्याएवढा स्रोत नळीवाटे काही मिनिटे आत नेला जातो व तेथून पुन्हा यंत्रातील पेटीत परत येतो. रुग्ण घरी जातो तेव्हा तो स्रोत त्याच्या शरीरात नसतो.

यावर आजींच्या मुलाने एक रास्त प्रश्न विचारला. धोका नाही, तर आईला एकटीला खोलीत ठेवून सगळे कर्मचारी बाहेर का पळतात?

ते पळत नाहीत, नियमाने बाहेर जातात. आजींना उपचारासाठी काही आठवडे किरण घ्यावे लागणार होते, तेही एका ठरावीक भागावर आणि रोग बरा व्हावा म्हणून. तंत्रज्ञ मात्र रोज अनेक रुग्णांना उपचार देतो आणि ते वर्षानुवर्षे करतो. प्रत्येक वेळी तो आत थांबला तर कोणताही लाभ नसताना त्याच्या शरीरावर पडलेल्या किरणांची एकूण मात्रा वाढत जाईल. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि मुंबईत अणुशक्तिनगर येथे मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने अशा कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा घातली आहे. सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक होऊ नये व कोणत्याही एका वर्षात ती ३० च्या वर जाऊ नये. सर्वसामान्य माणसासाठी हीच मर्यादा वर्षाला केवळ १ मिलिसिव्हर्ट आहे. (निसर्गातून, म्हणजे जमीन, आकाश, अन्न व हवा यांतून, जगातील माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. ते यात धरलेले नाहीत.) कर्मचाऱ्याच्या छातीवर जो छोटा बिल्ला दिसतो, तो शोभेसाठी नसतो. त्याने किती किरण घेतले याची नोंद त्यात होते आणि ठरावीक मुदतीने तो प्रयोगशाळेत तपासला जातो.

उपचाराची खोली बांधण्यापूर्वीच तिचा आराखडा मंडळाकडून संमत करून घ्यावा लागतो. तिच्या काँक्रीटच्या भिंती काही ठिकाणी मीटरभराहूनही जाड असतात. दार उघडे असेल तर यंत्र सुरूच होत नाही, आणि चालू असताना कोणी दार उघडल्यास किरण तत्काळ थांबतात. बाहेर बसलेले कर्मचारी कॅमेऱ्यातून रुग्णाला पाहत असतात व त्याचे बोलणे ऐकत असतात. हात वर केला तरी ते यंत्र थांबवून आत येतात. आजींना हे ठाऊकच नव्हते. आपल्याला आत कोंडून सारे निघून जातात, असेच त्या अकरा दिवस समजत होत्या! किरणांची मात्रा बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी भौतिकशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ असतो आणि सुरक्षेवर देखरेख ठेवण्यासाठी मंडळाने मान्यता दिलेला अधिकारी असतो. त्यांना भेटून शंका विचारण्यास संकोच करू नये.

मग अंतर पाळावे लागते असे कधीच नसते काय? असते, आणि नेमकी येथेच गल्लत होते. थायरॉइडच्या कर्करोगात रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पोटातून दिले जाते. परळ येथे १९६३ साली सुरू झालेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सर्ग औषध केंद्रात या प्रकारचे काम दीर्घकाळ चालत आले आहे. येथे स्रोत रुग्णाच्या शरीरातच असतो. आठ दिवसांत त्याची तीव्रता निम्मी होते, शिवाय बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. मात्रा मोठी असल्यास रुग्णाला स्वतंत्र शौचालय असलेल्या वेगळ्या खोलीत ठेवतात, तेथील सांडपाणीही तीव्रता घटेपर्यंत टाकीत साठवून ठेवतात आणि मोजमाप करून मगच घरी सोडतात. घरी आल्यावरही रुग्णालयाने लिहून दिलेले दिवस वेगळे निजावे, गरोदर स्त्रिया व लहान मुलांना जवळ घेऊ नये, ताटवाटी स्वतंत्र ठेवून नीट धुवावी, शौचालयात दोनदा पाणी सोडावे. ते दिवस संपले की बंधनही संपते. ते पुढे महिनोन्‌महिने चालू ठेवणे हा रुग्णावर अन्याय होय.

आम्हा धर्मगुरूंनाही यात शिकण्यासारखे आहे. दर वर्षी ११ फेब्रुवारी रोजी, लुर्ड्सच्या मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. त्या दिवशी बाहेरून शेक घेणाऱ्या रुग्णांनी सर्वांसमवेत पवित्र मिस्साला बसण्यास काहीच हरकत नाही. अशक्तपणा असेल तर गोष्ट वेगळी. आयोडीन घेतलेल्याने मात्र सांगितलेले दिवस घरीच थांबावे व एका प्याल्यातून इतरांबरोबर पिऊ नये. त्याच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्याने घाबरू नये. अंतर दुप्पट झाले की किरण चौथ्या हिश्श्यावर येतात, म्हणून थोडे दूर बसून प्रार्थना करावी आणि ख्रिस्तप्रसाद देण्यापुरते जवळ जावे. तैलाभ्यंगाच्या वेळी आणखी एक काळजी घ्यावी. शेक चालू असलेल्या त्वचेवर तेल लावू नये आणि डॉक्टरांनी काढलेल्या खुणा पुसू नयेत. उपचार कपाळावर असेल तर दुसऱ्या योग्य अवयवाला तैलाभ्यंग करण्यास विधीत मुभा आहे.

आजींचा मुलगा भिवंडीकडील एका गोदामात भंगार निवडण्याचे काम करतो. सर्व ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, ‘‘मग ही यंत्रे जुनी झाली की कुठे जातात?’’ आम्हाला वाटते, भीती बाळगायचीच असेल तर ती येथे बाळगावी. विजेवर चालणारे यंत्र बंद केले की निरुपद्रवी होते. कोबाल्टच्या यंत्रातील स्रोत मात्र शिशासारख्या जड धातूच्या कवचात बंद असला तरी अखंड किरण सोडीत असतो, आणि त्याची तीव्रता निम्मी व्हावयास सुमारे सव्वापाच वर्षे लागतात. म्हणून त्याचा हिशेब ठेवणे व वापर संपल्यावर तो अधिकृत यंत्रणेकडे परत पाठविणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. ब्राझीलमधील गोयानिया शहरात ही काळजी घेतली गेली नाही. तेथील एक किरणोपचार संस्था जागा सोडताना सीझियमचे यंत्र मागेच ठेवून गेली. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी ते फोडून भंगारवाल्यास विकले. आतील भुकटी अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी ती कौतुकाने घरोघरी वाटली. २४९ जणांना लागण झाली व चार जण दगावले, त्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती. आपल्या देशातही एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेले कोबाल्टचे उपकरण फोडले गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला.

त्या मुलाला आम्ही पिवळ्या पाटीवरील तीन पात्यांचे चिन्ह कागदावर काढून दाखविले. ते चिन्ह असलेली, किंवा आकाराच्या मानाने फारच जड अशी अनोळखी धातूची पेटी भंगारात आली तर ती कापू नये, उघडू नये, खिशात वा घरी नेऊ नये. सर्वांना दूर करावे व पोलिसांना कळवावे. तो कागद त्याने गोदामात लावण्यासाठी घेतला. आजी दुसऱ्या दिवशी बाराव्या बैठकीस गेल्या, आणि त्या आठवड्यात सून माहेरहून परत आली.